गुरुजींनी कोणाला विचारावे?



वैशाखातल्या वर्ध्यात संध्याकाळी सात वाजताही भिंती तापलेल्या असतात. अशा वेळी अंगणातली बाज सोडून आपण शिक्षणावरचे व्याख्यान ऐकावयास आलात ह्याचे आम्हांला खरोखर कौतुक वाटते. चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'शिक्षकांचा परस्परसंवाद' असे एक भारदस्त नाव सांगून टाकले आणि निमंत्रणपत्रिकेवर ते छापूनही आले. मनात होता तो प्रश्न मात्र अगदी साधा आहे. मुलाला अडले तर ते गुरुजींना विचारते. गुरुजींना अडले तर त्यांनी कोणाला विचारावे?

आपल्याकडचा कास्तकार पाहा. पऱ्हाटीवर बोंडअळी दिसली की तो धुऱ्यावर उभा राहून शेजाऱ्याला हाक मारतो. तुझ्याकडे आहे का, तू काय फवारलेस, त्याने काही फरक पडला का, हे सारे उभ्याउभ्या विचारून घेतो आणि संध्याकाळपर्यंत ती गोष्ट गावभर होते. डॉक्टर आपल्याला उमगत नसलेला रोगी चिठ्ठी देऊन दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवितो. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही, आणि रोग्यालाही वाटत नाही. वकिलांना तर बसावयास कोर्टातच खोली असते. शिक्षक मात्र सकाळी वर्गाचे दार लोटून आत जातो तो त्या चार भिंतींत एकटाच. तेथे जे साधते ते मुलांना दिसते, आणि जे साधत नाही तेही मुलांनाच दिसते. दुसऱ्या मोठ्या माणसाच्या नजरेस ते पडत नाही. पडावे अशी शिक्षकाचीही इच्छा नसते. कारण ज्याने शिकवावयाचे त्यालाच अडते हे कबूल करणे म्हणजे आपल्या हाताने आपली नेमणूक संशयास्पद करणे, असे त्याला वाटते. आम्हांलाही नोकरीची पहिली कित्येक वर्षे असेच वाटत होते.

ह्या प्रश्नाला आमच्या ह्या गावात एक जुना इतिहास आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ह्या दोन दिवशी मारवाडी विद्यालयाच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. प्रांतोप्रांतीचे मंत्री आले होते. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, ते मातृभाषेतून, एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफलेले, आणि त्यातून हळूहळू शिक्षकाचा पगार तरी निघावा, हे तिचे ठराव आपल्यापैकी अनेकांनी शाळेत असताना पाठ केले असतील. त्याची उजळणी आम्ही करीत नाही. त्या परिषदेतली एक वेगळी गोष्ट आम्हांला मोलाची वाटते. शाळेने आपला खर्च आपणच भागवावा ह्या कल्पनेवर डॉक्टर झाकीर हुसेन ह्यांनी तेथेच, गांधीजींच्या समोर, शंका घेतली. ह्या गोष्टीवर फार भर दिला तर शिक्षक मुलांना राबवून घेतील, असे भय त्यांनी बोलून दाखविले. आणि झाले काय? अभ्यासक्रम ठरविण्यासाठी जी समिती नेमली तिचे अध्यक्षपद झाकीर हुसेन ह्यांनाच दिले. विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, कुमारप्पा असे लोक तिच्यात होते. आर्यनायकम् निमंत्रक होते. शंका घेणाऱ्याला बाहेर बसविण्याऐवजी मध्यभागी बसविले, हा त्या कामाचा पाया होता असे आमचे मत आहे.

समितीने २ डिसेंबर १९३७ रोजी अहवाल दिला. दिवसाचे साडेपाच तास, त्यांपैकी तीन तास वीस मिनिटे हस्तोद्योगाला. एका शिक्षकाकडे तीसपेक्षा अधिक मुले नकोत. शिक्षकाला शक्य तर पंचवीस रुपये आणि कोणत्याही परिस्थितीत वीसपेक्षा कमी पगार नको. कागदावर सारे नीट बसले. पण खेड्यातल्या ज्या गुरुजींच्या हाती टकळी आणि हा अभ्यासक्रम एकदम पडला त्यांची अवस्था डोळ्यांसमोर आणा. भाषा, गणित, समाजशास्त्र हे सगळे त्या उद्योगाशी जोडून शिकवावयाचे. ह्याला 'समवाय' म्हणत. सूत मोजता मोजता गणित येते हे समजण्यासारखे आहे. कापसावरून भूगोलही येतो. हिंगणघाटच्या कापसाचे नाव एके काळी विलायतेच्या बाजारात होते, तेव्हा आपल्या जिल्ह्यातल्या गुरुजींना तर तो आयताच सापडावा. पण टकळीतून सम्राट अशोक कसा काढावयाचा? आणि तो निघत नसेल तर ओढूनताणून काढावा, की टकळी बाजूला ठेवून सरळ गोष्ट सांगावी? ह्याचे उत्तर अहवालात नव्हते, असूही शकत नव्हते. ते वर्गात उभ्या असलेल्या माणसांनीच शोधावयाचे होते, आणि एकट्याने ते शोधणे कठीण होते.

म्हणून १९३८ साली स्थापन झालेल्या हिंदुस्तानी तालीमी संघाने जी कामे केली त्यांत माणसे जमविण्याचे काम आम्ही फार वरच्या जागी धरतो. ऑक्टोबर १९३९ मध्ये पुण्यास पहिली परिषद झाली. एप्रिल १९४१ मध्ये दिल्लीस जामियानगरला दुसरी. पहिल्या परिषदेच्या अहवालाच्या इंग्रजी नावाचा अर्थ 'एक पाऊल पुढे' असा होतो, दुसऱ्याच्या नावाचा 'दोन वर्षांचे काम'. हल्लीच्या अहवालांची नावे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ह्या नावांचा साधेपणा जाणवेल. बरे, ती वर्षे काही अनुकूल नव्हती. ओरिसा सरकारने १९४१ साली आपल्या बुनियादी शाळा बंद करून टाकल्या. पुढच्याच वर्षी तर बहुतेक कार्यकर्ते तुरुंगात गेले.

सेवाग्रामला जे शिक्षक तयार होण्यासाठी येत ते केवळ व्याख्याने ऐकून परत जात नसत. सफाई, स्वयंपाक, सूत, शेती, प्रार्थना सारे एकत्र चाले. ते चालविणारे आर्यनायकम् हे श्रीलंकेचे तमिळ, त्यांच्या पत्नी आशादेवी बंगाली, दोघेही शांतिनिकेतनातून आलेले. पुढे १९४९ मध्ये मार्जरी साइक्स ह्या इंग्रज बाई शिक्षकांना तयार करण्यासाठी तेथे आल्या आणि दहा वर्षे राहिल्या. सेवाग्रामच्या पन्नास वर्षांच्या शिक्षणकार्याची कहाणीही त्यांनी लिहिली आहे. एकाच चुलीवर ज्यांनी भाकरी करपविली आहे त्यांना एकमेकांपाशी 'माझा आजचा पाठ फसला' असे म्हणावयाला फारशी भीड पडत नसावी. हा आमचा तर्क आहे, पण आम्ही शिक्षक असल्याने तो अनुभवातून केलेला आहे.

पुढे बुनियादी शिक्षण सरकारी झाले आणि शाळांवरच्या पाट्या बदलल्या. आम्ही लहान असताना आमच्याही शाळेत टकळी होती. तपासणीच्या आधी सुताच्या गुंड्या मोजून ठेवावयाच्या असत. एका वर्षी आमच्या गुंड्या कमी भरल्या. तेव्हा गुरुजींनी बाजारातून सूत आणविले आणि रात्री आम्हां चार पोरांना घरी बसवून त्याच्या गुंड्या करविल्या. तपासनीस खूश झाले. शाळेचे नाव आम्ही सांगणार नाही. गुरुजी भले होते, आमच्यावर त्यांची माया होती. त्या भल्या माणसालाही 'मुलांना सूत कातता येत नाही, काय करू?' हे विचारण्याजोगे ठिकाण नव्हते, आकडा लिहिण्याचे ठिकाण मात्र होते. म्हणून त्यांनी आकडा लिहिला.

आता आमची स्वतःची गोष्ट सांगतो. १९९८ साली आम्ही कारंजा तालुक्यात डोंगराकडेच्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो. चार वर्ग, दोन शिक्षक. आमच्याकडे पहिली आणि तिसरी, एकाच खोलीत. तिसरीत एक मुलगी होती. वाचनात वर्गात तिचा पहिला नंबर. पुस्तक समोर धरून, ओळीवर बोट ठेवून, ती धडा असा घडाघडा म्हणे की पाहुणा कोणी आला की आम्ही तिलाच उभी करीत असू. एके दिवशी ती वाचत असता खिडकीतून वारा आला आणि दोन पाने उलटली. मुलीचे बोट नव्या पानावर तसेच चालू राहिले, आणि तोंडाने जुना धडा चालू राहिला.

आम्ही उठून खिडकी लावली. ह्यापलीकडे त्या दिवशी आम्ही काहीही केले नाही. तिच्या प्रगतिपत्रकावर दोन वर्षे 'वाचन उत्तम' असे आमच्याच अक्षरात लिहिलेले होते. तिला एक अक्षर येत नव्हते. ऐकून ऐकून तिने सारे पुस्तक पाठ केले होते. तिची बुद्धी किती तल्लख असेल ह्याचा विचार तेव्हा आमच्या मनात आला नाही. आला तो एवढाच, की हे कोणाला कळता कामा नये. जोडीचे गुरुजी निवृत्तीला आलेले होते. त्यांना सांगण्यात अर्थ नाही असे आम्ही स्वतःला पटविले. वरच्या साहेबांना सांगणे म्हणजे आपण होऊन नोटीस मागून घेणे. महिना गेला. आम्ही तिला वाचावयास उभे करणे बंद केले. ती बिचारी रोज वाट पाहत असे.

पुढल्या महिन्यात केंद्रावर शिक्षकांची सभा होती. अशा सभेत काय असते हे येथल्या शिक्षकांना ठाऊक आहे: सूचना, माहितीचे तक्ते, शिष्यवृत्तीच्या याद्या, गणवेशाचा हिशेब. त्या दिवशी साहेबांची गाडी वाटेत बंद पडली आणि आम्ही पंधरावीस जण शाळेच्या व्हरांड्यात दोन तास नुसते बसून राहिलो. शेंगा आणल्या होत्या कोणी, त्या सोलणे चालले होते. त्यात एक वयस्क बाई, शेंगा सोलता सोलताच, अगदी सहज म्हणाल्या, "माझ्या चौथीत सात पोरं हायेत. वाचत नाहीत, निस्तं म्हणतात."

सारे गप्प झाले. मग एक गुरुजी म्हणाले, माझ्याकडे तीन आहेत. मग दुसरे. आम्ही सर्वांत शेवटी बोललो, आणि पाने उलटल्याची गोष्ट सांगितली. कोणी हसले नाही. "मंग खिडकी लावली असंल तुम्ही," बाई म्हणाल्या. त्यांनी आयुष्यात काय काय लावून घेतले होते कोण जाणे. पण त्या एका वाक्याने आमच्या छातीवरचे ओझे उतरले हे आम्ही आज पंचवीस वर्षांनंतरही कबूल करतो.

त्यांची रीत अशी होती. मुलाला पुस्तक द्यावयाचे नाही. जवळ बसवून विचारावयाचे, काल काय केले? ते जे सांगेल ते, जसे सांगेल तसे, त्याच्या समोर पाटीवर मोठ्या अक्षरात लिहावयाचे आणि त्याच्याकडूनच वाचून घ्यावयाचे. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य कागदाच्या पट्टीवर लिहून त्याचे शब्द कापावयाचे, पट्ट्यांची सरमिसळ करावयाची आणि त्याला पुन्हा लावू द्यावयाचे. पाठ केलेले पुस्तक मदतीला येत नाही, आणि वाक्य स्वतःचेच असल्याने भीतीही वाटत नाही. ह्यावर एकांनी शंका काढली, आणि ती फार चांगली शंका होती. मूल 'माय वेचणीले गेली' असे म्हणाले तर 'वेचणीले' लिहावे की 'वेचणीला'? अर्धा तास वाद झाला. चुकीची भाषा पाटीवर लिहून आपण ती पक्की करतो, असे काहींचे म्हणणे. बाईंचे म्हणणे, पहिल्या महिन्यात तिचे 'वेचणीले' तिलाच दिसू द्या, नाहीतर हे तिचे वाक्य आहे असे तिला वाटणार कसे? 'ला' पुढे येईल. आम्ही बाईंच्या बाजूचे होतो आणि अजून आहोत. ज्यांनी विरोध केला तेही उत्तम शिक्षक होते. साहेब आले आणि वाद तेथेच तुटला.

त्या मुलीचे काय झाले हे आपण विचाराल. होळीपर्यंत ती खरोखर वाचू लागली, आणि मग तिचे वडील तक्रार घेऊन शाळेत आले. पहिल्यांदा पोरगी कशी घडाघडा वाचत होती, आता अडखळते. गुरुजी, तुम्ही काय केले? त्यांना उत्तर देताना आमची फार तारांबळ उडाली. त्याच वर्षीचा दुसरा एक मुलगा मात्र बाईंच्या रीतीनेही वाचेना. पुढे दुसऱ्या शाळेतल्या एका गुरुजींनी सहज विचारले, त्याला फळा दिसतो का? दिसत नव्हता. चष्मा लागला. आम्ही त्याला दोन वर्षे मंदबुद्धी समजत होतो. आणि तिसरा एक होता, त्याचे कोडे कोणालाच सुटले नाही. तो सहावीत शाळा सोडून गेला.

तर अहवाल आणि अनुभव ह्या दोन निराळ्या वस्तू आहेत. अहवाल खालून वर जातो. तो वाचणारा लिहिणाऱ्यापेक्षा मोठा असतो आणि लिहिणाऱ्याचे बरेवाईट त्याच्या हाती असते. तेव्हा त्यात 'वाचन उत्तम' एवढेच लिहिले जाणार. अनुभव धुऱ्यावरून शेजारच्या वावरात जातो तसा आडवा जातो. तो ऐकणारा आपल्यासारखाच अडलेला असतो. ह्या आडव्या वाटेला आपल्याकडे कधी पक्का रस्ता मिळाला नाही. गेल्या शतकाच्याही आधी, विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या हाती 'शालापत्रक' होते. ते १८७५ साली सरकारने बंद केले. ताराबाई मोडकांनी 'शिक्षणपत्रिका' चालविली. पुढे सरकारी 'जीवन शिक्षण' मासिक शाळाशाळांतून येत असे. पण मासिकात लिहिणारे थोडे, आणि लिहावयाचे म्हटले की माणूस पुन्हा नीटनेटका होतो, खिडकी लावल्याचे लिहीत नाही.

जपानात एक जुनी चाल आहे. काही शिक्षक मिळून एका पाठाची तयारी करतात. मग एकजण तो आपल्या वर्गात घेतो आणि बाकीचे मागे उभे राहून पाहतात. ते शिक्षकाकडे पाहत नाहीत, मुलांकडे पाहतात: हा कोठे अडला, तिला केव्हा समजले. नंतर सगळे बसून त्या पाठाची चिकित्सा करतात. पाठ सर्वांनी मिळून रचलेला, म्हणून फसला तर सर्वांचाच फसतो. आपल्याकडे वर्गात मागे कोणी येऊन उभा राहिला की तो तपासनीसच असणार, असे मुलांनासुद्धा ठाऊक असते.

आता कोणी म्हणेल, जुने कशाला उगाळता; आज प्रत्येक गुरुजींच्या खिशात मोबाईल आहे, आणि त्यात शिक्षकांचे दहा दहा ग्रुप आहेत. खरे आहे, आणि त्यांचा उपयोग आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. २०२० च्या मार्चात शाळा बंद झाल्या तेव्हा कोठल्या तरी जिल्ह्यातल्या कोणा शिक्षकाने ओट्यांवर मुले दूरदूर बसवून शिकविले, कोणी देवळाच्या भोंग्यावरून पाढे म्हटले, आणि ते पाहून आमच्याकडच्या खेड्यांतही तसे झाले. ज्याचे तोंडही पाहिले नाही अशा माणसाने आपली युक्ती आपण होऊन देऊन टाकली. ही लहान गोष्ट नव्हे.

पण पुढे त्याच वाटेने हुकूम येऊ लागले. रात्री साडेनऊला निरोप: उद्या अकरापर्यंत माहिती पाठवा, फोटोसह. २०१६ साली तर मुलांबरोबर सेल्फी काढून पाठविण्याचा आदेश निघाला होता. शिक्षकांनी विरोध केला. जेथे साहेब बसले आहेत त्या ग्रुपवर 'मला जमत नाही' असे कोण लिहील? तेथे वृक्षारोपण आणि प्रभातफेऱ्या दिसतात आणि त्यांच्याखाली अंगठे. शिवाय आणखी एक गोष्ट आम्हांला खटकते. व्हरांड्यात बसून आम्ही त्या मुलीबद्दल बोललो ते शेंगांच्या टरफलांबरोबर तेथेच राहिले. आज एखाद्या मुलाच्या चुकलेल्या वहीचा फोटो दोनशे फोनांत जातो, आणि त्यावर त्याचे नाव असते.

गेल्या वर्षीची गोष्ट. अशाच एका ग्रुपवर रात्री अकरा वाजून काही मिनिटांनी एका तरुण शिक्षिकेचा निरोप आला. आम्ही निवृत्त असलो तरी तरुणांनी आम्हांला त्यात ठेवून घेतले आहे. चष्मा शोधून आम्ही पाहतो तो तेथे 'हा मेसेज हटवला आहे' एवढेच. सकाळी आम्ही त्यांना फोन केला. बाई, काय लिहिले होते? त्या आधी काही नाही म्हणाल्या आणि मग रडू लागल्या. चार वर्ग, चौदा मुले, जोडीचे शिक्षक दुसरीकडे कामावर नेलेले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत, हे खरे. पण दुसरा शिक्षक वहीत असतो आणि शाळेत नसतो असे घडते. त्यातच २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याची कल्पना निघाली, तेव्हापासून गावातले लोक बाईंनाच विचारतात, आमची शाळा राहील काय? त्या म्हणाल्या, पहिलीला शिकवते तेव्हा चौथी वाया जाते, चौथीला घेते तेव्हा पहिली भांडते; मला हे काम येत नाही, मी राजीनामा देते.

आम्ही आणि आणखी दोघे शनिवारी त्यांच्या शाळेत गेलो. आम्ही काही दिव्य करून आलो नाही. चौथीची मुले पहिलीच्या मुलांना कशी आणि किती वेळ बसवावीत, फळ्याचे तीन भाग कसे करावेत, कोणते काम मुलांना एकट्याने करता येते, एवढेच बोललो. त्यांतल्या दोन सूचना त्यांनी तेथल्या तेथे खोडून काढल्या, आणि त्यांचे बरोबर होते. आमच्या वेळची मुले आणि आजची मुले एक नव्हेत. उलट मुलांकडून गावातल्या विहिरींचा नकाशा त्यांनी काढवून घेतला होता, तो पाहून आमच्याबरोबरचे गुरुजी तेथेच वही काढून बसले. बाई अजून त्या शाळेत आहेत. आम्ही गेलो म्हणून आहेत असा आमचा दावा नाही.

शिक्षकांच्या संघटना आहेत की, असे येथे कोणाच्या मनात येईल. आहेत, आणि हव्यात. पगार, बदली, निवृत्तिवेतन ह्यांसाठी त्या भांडल्या नसत्या तर आम्हांला आज हे निवांत व्याख्यान सुचले नसते. पण मोर्च्यात 'आमच्या वर्गातली सात मुले वाचत नाहीत' अशी घोषणा देता येत नाही. आणि नुसते शिक्षक जमले की कुटाळक्या होतात हाही आक्षेप आम्हांला मान्य आहे. होतात. व्हरांड्यातल्या त्या दोन तासांपैकी पहिला तास साहेबांच्या गाडीवर आणि कोणाच्या तरी बदलीवरच गेला होता. तो तास जाऊ द्यावा लागतो.

आता आपले काम. शिक्षक चुकला की आपण नागरिक त्याला शाळेत गाठतो, वर्तमानपत्रात गाठतो, आणि तेही योग्यच आहे. पण एखादा शिक्षक म्हणाला, की ह्या मुलाला कसे शिकवावे ते मला अजून समजलेले नाही, तर आपण तिसऱ्या दिवशी मुलाचे नाव काढून दुसऱ्या शाळेत घालतो. जो कबूल करतो त्याची मुले जातात, जो खिडकी लावतो त्याचा पट टिकतो. त्या मुलीच्या वडिलांना आम्ही तेव्हा जे नीट सांगू शकलो नाही ते आज आपणांस सांगतो: पोरगी अडखळते आहे, कारण आता ती खरे वाचते आहे.

ह्यासाठी आम्ही काही योजना वगैरे मांडणार नाही. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी हे सभागृह मोकळे असते. ते दोन तास वर्धा, सेलू, देवळी इकडच्या शिक्षकांना बसावयास मिळावे, एवढी विनंती आम्ही चालकांना केली होती. अध्यक्ष नको, पाहुणे नकोत, हारतुरे नकोत. हजेरीची वही नको आणि फोटो तर नकोच. साहेब आले तर त्यांनी आपल्या लहानपणच्या शाळेत काय आले नाही ते सांगावे आणि बसावे. व्याख्यान सुरू होण्यापूर्वी चालकांनी किल्ली द्यावयाचे कबूल केले आहे. पंखे दोन चालू आहेत, तिसरा दुरुस्त करून घेतो म्हणाले. शेंगा आम्ही आणू. चहाचे तेवढे आपल्यापैकी कोणी पाहिले तर बरे होईल.